पॉवर वीडरची घरच्या घरी देखभाल आणि दुरुस्ती: यंत्र खोलण्याआधी काय तपासावे

मुळशी, पानशेत, खेड-शिवापूर, सासवड या पट्ट्यांत दहा-वीस गुंठे जमीन घेऊन शनिवार-रविवारी भाजीपाला किंवा फळझाडे सांभाळणारे पुणेकर आता बरेच झाले आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या शेडमध्ये पाच-सात अश्वशक्तीचा पॉवर वीडर, म्हणजे फिरत्या पात्यांनी तण काढणारे आणि माती भुसभुशीत करणारे छोटे यंत्र, उभे असते. बैलजोडी ठेवणे परवडत नाही आणि झाडांच्या ओळींतून ट्रॅक्टर वळत नाही, अशा जागेसाठी हे यंत्र खरोखर उपयोगाचे आहे. मात्र ते वर्षातले मोजके दिवस चालते आणि उरलेला काळ पडून असते. त्यामुळे त्याचे बरेचसे बिघाड पडून राहिल्यामुळे आणि काम संपल्यावर न पुसता ठेवल्यामुळे होतात. इंजिनाच्या आतले भाग झिजून बंद पडलेले यंत्र त्या मानाने क्वचित सापडते.

म्हणून या लेखातला सगळा भर क्रमावर आहे. यंत्र सुरू होत नसेल किंवा नीट चालत नसेल, तर आधी तेलाची पातळी, मग हवा, मग पेट्रोल, मग ठिणगी आणि शेवटी पात्यांचा शाफ्ट, असे तपासत जावे. हे पाचही भाग इंजिन किंवा गिअरबॉक्स न उघडता पाहता येतात. या क्रमाने गेल्यास साध्या पान्यांनी घरीच सुटणारे बिघाड बहुतेक सुटतात. आणि नाहीच सुटले, तर कारागिराकडे जाताना नेमके काय सांगायचे ते तरी हाती असते.

आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे

बाजारात दिसणाऱ्या यंत्रांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाचा. होंडा जीएक्स १६० हे या वर्गातले सर्वांत परिचित इंजिन असून त्याची क्षमता १६३ सीसी आहे; त्याच धाटणीची २०८ ते २१२ सीसीची, सात अश्वशक्तीची म्हणून विकली जाणारी इंजिने तर सर्रास दिसतात. दुसरा प्रकार दोन-स्ट्रोक इंजिनाच्या हलक्या वीडरचा, ज्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. तिसरा डिझेल इंजिनाच्या जड यंत्रांचा. हा लेख प्रामुख्याने पहिल्या प्रकाराबद्दल आहे, कारण छोट्या जागेत तोच जास्त वापरला जातो. बाकी दोन्हींच्या वेगळ्या गोष्टी पुढे थोडक्यात येतील.

यंत्राबरोबर मिळालेली पुस्तिका हरवली असेल, तर इंजिनावर कोरलेला मॉडेल क्रमांक आणि गिअरबॉक्सवरील पट्टीचा फोटो काढून ठेवावा. सुटे भाग घेताना दुकानदार पहिला प्रश्न तोच विचारतो. खाली जिथे नेमके आकडे दिले आहेत ते जीएक्स १६० चे आहेत. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल, तर तोच प्रमाण मानावा.

हत्यारे आणि खबरदारी

८ ते १९ मिलिमीटरपर्यंतचे रिंगपाने, ठिणगी पाडणाऱ्या प्लगचा पाना, चपटा आणि चौफुलीचा असे दोन स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, सर्क्लिपची (भाग जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगच्या कडीची) पक्कड, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच), कानस, तारेचा ब्रश, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साफ करण्याच्या क्लीनरचा एक स्प्रे आणि भरपूर सुती फडकी एवढ्यावर नेहमीची सगळी कामे होतात. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत ही हत्यारे एकाच फेरीत मिळतात. फीलर गेज घेण्याचा अनेकांना कंटाळा येतो, परंतु प्लगची आणि व्हॉल्व्हची फट अंदाजाने लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणत्याही कामाला हात लावण्यापूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे, स्विच बंद करावा आणि प्लगची टोपी काढून बाजूला करावी. पाती हाताने फिरवताना इंजिनाने एक उसळी घेतली तरी बोटे जाऊ शकतात, म्हणून ही टोपी काढण्याची सवय कधीही मोडू नये. पेट्रोलचे काम उघड्यावर, सावलीत आणि आगीपासून दूर करावे. बंद शेडमध्ये इंजिन चालू करून पाहणे धोक्याचे आहे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. यंत्र आडवे करायचे असेल, तर कार्बोरेटर आणि एअर फिल्टरची बाजू वर राहील असेच कलंडावे. उलट बाजूने कलंडल्यास तेल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये जाते, आणि मग चांगले चालणारे यंत्र पुढच्या वेळी पांढरा धूर सोडत अडून बसते.

तेल

यंत्र सपाट जागेवर, इंजिन आडव्या पातळीत ठेवून तेल पाहावे. वीडर हँडलवर मागे रेललेला असतो आणि त्या स्थितीत पातळी चुकीची दिसते. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा लावून ते समतल करून घ्यावे. जीएक्स १६० मध्ये डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) पुसून आत टाकावी, पण आटे फिरवू नयेत, आणि बाहेर काढून खूण पाहावी. या इंजिनात सुमारे ०.५८ लिटर तेल बसते आणि आपल्याकडच्या हवामानाला १०डब्ल्यू-३० हे तेल चालते. यंत्र नवे असेल, तर पहिल्या महिन्यात किंवा पहिल्या २० तासांनंतर तेल बदलावे, त्यापुढे दर १०० तासांनी किंवा दर सहा महिन्यांनी. पहिला बदल सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण नव्या भागांच्या घासण्याने सुटलेला धातूचा बारीक चुरा त्याच तेलात असतो. छोट्या शेतावर वर्षभरात १०० तास क्वचितच भरतात. तेव्हा तास मोजत न बसता मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि दिवाळीनंतर एकदा तेल बदलावे.

बदलताना इंजिन पाच मिनिटे चालवून कोमट करावे, म्हणजे तळाशी बसलेला गाळ तेलाबरोबर बाहेर येतो. निचऱ्याच्या बोल्टखालचा वॉशर दबून चपटा झाला असेल, तर नवा घालावा. काढलेले तेल मातीत किंवा ओढ्यात कदापि ओतू नये. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे, तिथून ते पुनर्वापरासाठी जाते.

अनेक इंजिनांत तेल कमी झाल्यास ठिणगी बंद करणारा सेन्सर असतो. यंत्र उतारावर चालताना अचानक बंद पडते आणि सपाटीवर पुन्हा सुरू होते, असे घडत असेल, तर कार्बोरेटरला हात लावण्याआधी तेलाची पातळी पाहावी.

हवा

उन्हाळ्यात कोरड्या जमिनीत वीडर चालवला की यंत्राभोवती धुळीचा लोट उठतो आणि इंजिन त्याच धुळीतून श्वास घेते. फिल्टरची स्वच्छता साधारण दर ५० तासांनी करावी असे पुस्तिकांत लिहिलेले असते, पण ते सर्वसाधारण परिस्थितीसाठी. धुळीच्या दिवसांत काम संपल्यावर रोज झाकण उघडून पाहणे योग्य. फिल्टर चोंदला की इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळते, काळा धूर येतो, जोर कमी होतो आणि पेट्रोलचा खप वाढतो. फिल्टर फाटला तर त्याहून वाईट, कारण आत गेलेली माती पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासून टाकते, आणि हे नुकसान घरी भरून निघणारे नसते.

फोमचा फिल्टर कोमट पाण्यात साबणाने धुवावा, पिळण्याऐवजी दाबून पाणी काढावे आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावा. वाळल्यावर स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून जास्तीचे तेल दाबून काढावे. फोम तेलकट लागला पाहिजे, पण त्यातून तेल ठिबकता कामा नये. कागदी फिल्टर धुवू नये आणि त्याला तेलही लावू नये. तो हलकेच आपटून किंवा कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर फुंकून साफ करावा, आणि तरीही काळपट राहिला तर बदलावा. काही यंत्रांत फिल्टरच्या तळाशी तेलाची वाटी असते. त्यात खुणेपर्यंतच तेल भरावे आणि गढूळ झाले की बदलावे.

पेट्रोल आणि कार्बोरेटर

यंत्र सुरू न होण्याच्या तक्रारींपैकी सर्वाधिक तक्रारींचे मूळ इथे असते, म्हणून या भागावर थोडा जास्त वेळ घालवू.

आपल्या पंपांवर आता मिळणारे नेहमीचे पेट्रोल वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात अर्धवट भरलेली टाकी दोन-तीन महिने तशीच राहिली, तर पेट्रोलमध्ये पाणी साचते, ते तळाशी उतरते आणि कार्बोरेटरमधल्या पितळी जेटला (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या भागाला) हिरवट थर चढतो, तर कार्बोरेटरच्या वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी जमते. छोट्या इंजिनांच्या अनेक पुस्तिका दहा टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलचीच परवानगी देतात, आणि जुन्या यंत्रांतल्या रबरी नळ्या या मिश्रणाने लवकर कडक होतात किंवा फुगतात. पंपावरचे पेट्रोल आपण बदलू शकत नाही, परंतु ते यंत्रात किती दिवस राहू द्यायचे हे आपल्याच हातात आहे. लागेल तेवढेच आणावे, महिनाभरात संपवावे आणि यंत्र तीन-चार आठवडे वापरायचे नसेल, तर टाकी रिकामी करून कॉक बंद करावा व इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटरची वाटी कोरडी होते.

चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप) लावल्यावरच इंजिन चालते आणि चोक काढताच बंद पडते, किंवा वेग सतत वर-खाली होत राहतो, ही लक्षणे दिसली की जेट चोंदला आहे असे समजावे. साफ करण्याचा क्रम असा:

१. पेट्रोलचा कॉक बंद करावा. कॉकखाली गाळ साठवणारी छोटी वाटी असेल, तर ती सोडवून धुवावी. पुष्कळदा सगळा गाळ आणि पाणी इथेच सापडते आणि पुढचे काम वाचते.

२. कार्बोरेटरच्या खाली पांढरा रुमाल किंवा उथळ थाळी ठेवावी. वाटीच्या बाजूचा निचऱ्याचा बोल्ट सोडून पेट्रोल एका काचेच्या बाटलीत घ्यावे. दोन मिनिटांनी तळाशी वेगळा थर दिसला, तर ते पाणी आहे आणि टाकीसुद्धा रिकामी करावी लागेल.

३. वाटीचा मधला बोल्ट काढून वाटी सरळ खाली ओढावी. तिच्या कडेचे रबरी रिंग जपून ठेवावे. ते पेट्रोलने फुगलेले असेल आणि खाचेत बसत नसेल, तर काही तास उन्हात ठेवल्यावर पुष्कळदा मूळ आकाराला येते. तुटले असेल तर नवेच घ्यावे.

४. फ्लोट धरून त्याची बारीक पिन बाजूने सरकवावी. फ्लोटबरोबर टोकदार सुई बाहेर येते. फ्लोट कानाजवळ हलवून आत पेट्रोल शिरले नाही ना ते पाहावे, आणि सुईच्या टोकावर गोल चर पडला नाही ना ते बोटाने चाचपावे. हा चर पडला की वाटी भरूनही पेट्रोल थांबत नाही आणि ते फिल्टरच्या बाजूने गळू लागते.

५. मधल्या नळीत वर पाहिल्यास पितळी मेन जेट दिसतो. खाचेत नेमका बसणारा चपटा स्क्रू-ड्रायव्हर लावूनच तो सोडवावा. लहान तोंडाचा लावल्यास पितळेची खाच फाटते आणि जेट कायमचा अडकतो. त्याच्यामागे बाजूने बारीक भोके असलेली नळी असते, ती कार्बोरेटर हलकेच ठोकल्यावर खाली घसरते.

६. आता जेट डोळ्यासमोर धरून आकाशाकडे पाहावे. स्वच्छ जेटमधून सुईच्या टोकाएवढा गोल, स्पष्ट प्रकाश दिसतो. चोंदलेल्या जेटमधून काहीच दिसत नाही किंवा चंद्रकोरीसारखी फट दिसते. क्लीनरचा फवारा मारून दहा मिनिटे थांबावे आणि विजेच्या वायरीतली एकच बारीक तांब्याची तार त्यातून अलगद फिरवावी. शिवणाची सुई किंवा स्टीलची तार घालू नये. भोक केसभर मोठे झाले, तरी मिश्रण कायमचे बिघडते आणि जेट बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

७. आयडलच्या (भार नसतानाचा मंद वेग ठरवणाऱ्या) स्क्रूपाशी असलेला छोटा प्लास्टिकच्या डोक्याचा पायलट जेटही तसाच साफ करावा आणि कार्बोरेटरमधील सर्व भोकांतून फवारा मारावा. फवारा मारताना डोळ्यांवर चष्मा असावा, कारण एका भोकातून घातलेला द्रव दुसऱ्या भोकातून थेट चेहऱ्यावर येतो.

८. उलट क्रमाने सर्व जोडावे, कॉक उघडून दोन मिनिटे गळती पाहावी आणि मगच दोरी ओढावी.

गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आवाक्यात ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगला आणि दांड्यांना हात लावू नये. ही इंजिने सर्वसाधारणपणे मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास चालण्यासाठी बनवलेली असतात. जोर वाढावा म्हणून स्प्रिंग ताणून वेग वाढवून देणारे कारागीर भेटतात, परंतु त्यात कनेक्टिंग रॉड तुटण्याचा धोका असतो, आणि त्यावरचा खर्च नव्या इंजिनाच्या किमतीच्या जवळ जातो.

यंत्र पंधरा-वीस मिनिटे उत्तम चालून बंद पडत असेल आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होत असेल, तर टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकणातले हवेचे बारीक छिद्र मातीने बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरत नाही. झाकण सैल करताच यंत्र चालू राहिले, तर दोष सापडला. ते छिद्र साफ करावे.

ठिणगी

प्लग काढून त्याचे टोक पाहावे. तपकिरी, कोरडे टोक म्हणजे सर्व ठीक. कोरडी काळी काजळी असेल, तर फिल्टर चोंदला आहे किंवा चोक पूर्ण उघडत नाही. ओला असेल, तर पेट्रोल जास्त झाले आहे; अशा वेळी स्विच आणि कॉक बंद ठेवून, प्लग काढलेलाच असताना दोरी पाच-सहा वेळा ओढावी आणि प्लग पुसून बसवावा. टोक पांढरेफटक असेल, तर इंजिनाला पेट्रोल कमी मिळते आहे आणि ते अति तापते आहे.

प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर असावी. ठिणगी तपासताना प्लगला टोपी लावून त्याचे आटे इंजिनाच्या धातूला टेकवावेत, प्लग रबरी मुठीच्या पकडीने धरावा, सिलिंडरच्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून दूर ठेवावा आणि स्विच चालू करून दोरी ओढावी. निळसर, टणक ठिणगी दिसली पाहिजे. दिसत नसेल, तर नवा प्लग लावून पाहावे. प्लग स्वस्त असतो आणि एक जादा प्लग शेडमध्ये असलाच पाहिजे. तरीही ठिणगी नसेल, तर हँडलवरील स्विचकडे जाणारी वायर पाहावी. हँडल वर-खाली करताना ती चिमटली जाते, आवरण फाटून धातूला टेकते आणि इंजिनाला सतत 'बंद' असाच आदेश मिळत राहतो. ती वायर इंजिनापाशी तात्पुरती सोडल्यावर ठिणगी आली, तर दोष ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या कॉइलचा नाही हे सिद्ध होते. तेलाच्या सेन्सरची वायरही याच पद्धतीने पारखता येते. तपासणीनंतर दोन्ही वायरी पुन्हा जोडाव्यात, अन्यथा यंत्र बंद करता येणार नाही.

हे सर्व करूनही ठिणगी नसेल, तर कॉइल आणि फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक) यांमधील फट पाहावी. साध्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट पुरते. तिथे गंज चढला असेल, तर बारीक पॉलिश पेपरने साफ करावा.

पाती, शाफ्ट आणि ऑइल सील

इंजिनाची काळजी घेणारे लोकही या भागाकडे दुर्लक्ष करतात, आणि माझ्या अनुभवात सर्वांत महाग पडणारे दुर्लक्ष हेच आहे. हरळीच्या लांब मुळ्या, सुतळी, मल्चिंगच्या कागदाच्या पट्ट्या आणि ठिबकच्या जुन्या नळ्यांचे तुकडे पात्यांच्या शाफ्टभोवती गुंडाळले जातात. बाहेरून तो केवळ गवताचा गठ्ठा दिसतो. पात्यांच्या संचाची पिन काढून संच बाहेर ओढला, की गिअरबॉक्सच्या अगदी लगत, शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे, दोऱ्यासारखा घट्ट पीळ बसलेला सापडतो. तोच पीळ फिरता फिरता ऑइल सीलच्या (शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कडीच्या) ओठाखाली घुसतो. मग गिअर ऑइल गळू लागते, त्याच वाटेने चिखल आणि पाणी आत शिरते, आणि पुढच्या हंगामात गिअर खडखडू लागतात.

म्हणून तणाच्या शेतात काम झाल्यावर त्याच दिवशी दोन्ही बाजूंचे संच काढावेत, पीळ सुरीने शाफ्टच्या लांबीच्या दिशेने कापावा, सीलच्या दिशेने सुरी कधीही नेऊ नये, आणि शाफ्टला ग्रीसचा पातळ हात लावून संच परत बसवावेत. संच काढायला मेहनत पडत असेल, तर ते गंजाने धरले आहेत. ग्रीस न लावता बसवल्यास पुढच्या वेळी ते हातोड्यानेही निघणार नाहीत.

पाती बसवताना डावा आणि उजवा संच अदलाबदल करू नये. यंत्र पुढे जाताना प्रत्येक पात्याची धार मातीत आधी शिरली पाहिजे. संच उलटे बसले, तर यंत्र जमिनीवर उड्या मारते, खोली मिळत नाही आणि चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात. काढण्यापूर्वी एक फोटो काढून ठेवणे हा साधा उपाय आहे.

आपल्या भागात मुरमाड उतारावर काळ्या दगडाचे तुकडे असतात आणि पूर्वेकडे चिकण काळी माती. दगडावर पाते वाकते, तर ओल्या काळ्या मातीत सगळा भार गिअरबॉक्सवर येतो. जमिनीला वापसा आल्याशिवाय वीडर घालू नये, कारण चिखलात यंत्र रेटण्याने जेवढी झीज होते तेवढी झीज योग्य ओलीत केलेल्या कितीतरी जास्त कामानेही होत नाही. पात्यांना कानशीने किंवा ग्राइंडरने धार लावता येते, पण मूळचा कोन तसाच ठेवावा; फार पातळ धार दगडावर लगेच तुटते. ग्राइंडर वापरताना पाते निळे पडू देऊ नये, मधूनमधून पाण्यात बुडवावे, कारण निळे पडलेल्या पोलादाचे पाणी उतरते. पात्यांचे बोल्ट दर वेळी पाना लावून पाहावेत आणि तुटल्यास त्याच प्रतीचे उच्च ताकदीचे बोल्ट घालावेत.

ऑइल सील बदलणे घरी शक्य आहे. गिअर ऑइल काढून घ्यावे, शाफ्टवरील गंज आणि खरखर पॉलिश पेपरने घालवावी, सीलपुढे सर्क्लिप असल्यास ती काढावी, जुने सील स्क्रू-ड्रायव्हरने कडेकडेने उचलावे आणि आतल्या धातूला ओरखडा पडू देऊ नये. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे छापलेले असतात. तेच आकडे घेऊन दुकानात जावे. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावून, स्प्रिंगची बाजू आत ठेवून, योग्य व्यासाच्या पाइपच्या तुकड्याने ते सर्व बाजूंनी सारखे ठोकत बसवावे. शाफ्टवरच सीलच्या ओठाने खोल चर पाडला असेल, तर नवे सीलही गळणार. तेव्हा शाफ्टचाच विचार करावा लागतो.

गिअर ऑइल दुधाळ दिसत असेल, तर त्यात पाणी आहे आणि ते लगेच बदलावे. बहुतेक यंत्रांत ८०डब्ल्यू-९० किंवा ९० नंबरचे गिअर ऑइल असते, पण काही यंत्रांच्या गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइलच घालायचे असते. हे पुस्तिकेत पाहिल्याशिवाय ओतू नये.

क्लच, पट्टा आणि दोरी

लीव्हर दाबूनही पाती फिरत नसतील, तर बहुतेक वेळा वायर लांबली असते. वायरच्या टोकाचा ॲडजस्टर फिरवून लीव्हरला थोडीशी ढिलाई ठेवावी; अजिबात ढिलाई नसेल, तर लीव्हर सोडूनही पाती फिरत राहतील आणि ते धोक्याचे आहे. पट्ट्याच्या यंत्रात पट्ट्याच्या कडा चकचकीत झाल्या असतील किंवा त्यावर आडव्या भेगा असतील, तर तो बदलावा. पट्ट्यावर छापलेला क्रमांक नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चालतो. सुरू करण्याची दोरी तुटल्यास त्याच जाडीची नवी घालता येते, मात्र झाकणातील स्प्रिंग ताणलेली असते. चकती घट्ट धरूनच काम करावे आणि स्प्रिंगच बाहेर आली असेल, तर ते काम कारागिराकडे सोपवावे.

डिझेल आणि दोन-स्ट्रोक यंत्रांबद्दल

डिझेल संपून बंद पडलेले इंजिन नुसते डिझेल भरून सुरू होत नाही, कारण नळीत हवा शिरलेली असते. टाकीचा कॉक उघडून पंपाकडे येणाऱ्या नळीचा नट सैल करावा आणि बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे. नट आवळल्यावर नोझलकडील (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाकडील) नट एक-दोन आटे सैल करावा, थ्रॉटल पूर्ण उघडावा, डीकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) दांडी दाबून इंजिन फिरवावे आणि डिझेल येऊ लागताच नट आवळावा. त्या वेळी हात नळीसमोर नेऊ नये. उच्च दाबाची धार त्वचेत शिरू शकते.

दोन-स्ट्रोक यंत्रात पुस्तिकेत दिलेले प्रमाण अचूक पाळावे. १:२५ म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर तेल, १:५० म्हणजे २० मिलिलिटर. मिश्रण वेगळ्या डब्यात तयार करून हलवावे आणि मगच टाकीत ओतावे.

घरी काय करू नये

दोरी ओढताना अडथळाच जाणवत नसेल, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर, गेले आहे. आधी व्हॉल्व्हची फट तपासावी. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, इनटेकच्या (मिश्रण आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हला ०.१५ आणि एक्झॉस्टच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हला ०.२० मिलिमीटर ठेवावी. फीलर गेज हाताशी असेल, तर हे काम शांतपणे घरी करता येते. त्यानेही फरक पडला नाही, किंवा निळा धूर सतत येत असेल आणि तेल कमी होत असेल, तर रिंगा, सिलिंडर किंवा व्हॉल्व्हच्या सीटचे काम आहे. ते योग्य उपकरणे असलेल्या ठिकाणीच करून घ्यावे. गिअरबॉक्समधून ठोके येत असतील, तर यंत्र लगेच बंद करावे, कारण तुटलेला एक दात उरलेले दात घेऊन जातो. कारागिराकडे देताना कधी तेल बदलले, कोणते लक्षण केव्हा दिसते आणि आपण काय काय तपासले, हे कागदावर लिहून यंत्राला बांधावे, आणि बदललेले जुने भाग परत द्यावेत असे आधीच सांगून ठेवावे.

पावसाळ्यात ठेवताना

यंत्र धुताना पाण्याचा जोरदार फवारा फिल्टर, प्लग आणि सीलवर मारू नये. सुकलेली माती खरवडून, ओल्या फडक्याने पुसणे बरे. टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत. नंतर प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, दोरी हळूच दोन-तीनदा ओढून ते पसरवावे आणि प्लग परत बसवावा. शेवटी अडथळा जाणवेपर्यंत दोरी ओढून थांबावे, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि दमट हवा आत जात नाही. पात्यांना जुने तेल लावावे. यंत्र जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवावे, आणि वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळण्याऐवजी गोणपाट टाकावा, कारण प्लास्टिकखाली दव साठून यंत्र गंजते. उंदीर शेडमध्ये असतील, तर मफलरच्या तोंडात फडके कोंबून त्याची एक पट्टी हँडलला बांधावी, म्हणजे पुढच्या हंगामात दोरी ओढण्याआधी ते काढायचे लक्षात राहते.